फिंगरस्टाइल गिटार शिकायचीये? आधी अंगठा, मग बाकी सगळं

चार कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येतात, स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं) थोडंफार जमतं, आणि मग कधीतरी एकट्या गिटारवर बेस, कॉर्ड आणि गाण्याची चाल असं तिन्ही एकदम वाजवणारा माणूस बघितला आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, असं झालं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पिक न वापरता अंगठ्याने आणि बोटांनी तारा छेडत असं वाजवायचं, त्यालाच फिंगरस्टाइल म्हणतात. गिटार अजून हातातच घेतली नसेल तरी चालेल. आधी वर्षभर स्ट्रमिंग केलंच पाहिजे असा काही नियम नाहीये, थेट फिंगरस्टाइलने सुरुवात करणारे खूप जण असतात आणि त्यांचं काही बिघडत नाही.

शिकायला व्हिडिओ भरपूर आहेत आणि खरं तर तीच गोची आहे. आधी कुठला आणि नंतर कुठला हे कोणी सांगत नाही, त्यामुळे माणूस सोमवारी अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून वाजवणं), मंगळवारी कुठलंतरी भन्नाट गाणं, बुधवारी गिटारवर थापा मारायचं टेक्निक असं करत राहतो आणि तीन महिन्यांनी तिथल्या तिथेच असतो. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, नवशिका बहुतेक वेळा अंगठ्यापाशी अडकतो. बोटं त्यामानाने लवकर शिकतात. म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात अंगठ्याला जरा जास्तच जागा मिळालीये.

लागणारं सामान

- अकूस्टिक गिटार (कुठली ते खाली बघू)
- ट्यूनर, क्लिपवाला किंवा फोनवरचं ॲप
- मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं यंत्र, हाही फोनवर मिळतो
- तारांचा एक जादा सेट
- कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा
- नखांसाठी बारीक नेल फाइलर
- पायाखाली घ्यायला छोटं स्टूल, किंवा गिटारचा पट्टा
- रेकॉर्डिंगसाठी फोन

बस. फिंगरपिक, लूप पेडल, पिकअप, ॲम्प यातलं काहीही पहिल्या वर्षी लागत नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

१. गिटार कुठली आणि ती कशी तपासायची

पहिला प्रश्न स्टीलच्या तारा की नायलॉनच्या. दोन्हींवर फिंगरस्टाइल होते. नायलॉनवाली म्हणजे क्लासिकल गिटार, बोटांना मऊ, नेक (गिटारचा दांडा) रुंद आणि सपाट, नटपाशी (नेकच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) रुंदी साधारण ५२ मिलिमीटर, तारांमध्ये अंतर भरपूर. स्टीलवाली जास्त खणखणीत वाजते पण पहिले काही आठवडे बोटांच्या टोकांची आग आग होते. ज्या प्रकारचं वाजवणं ऐकून तुम्ही इकडे वळलात ते ज्या गिटारवर होतं ती घ्या, एवढा साधा हिशोब आहे. नुसतं दुखतं म्हणून नायलॉन घेतलेली माणसं नंतर पुन्हा स्टील घेताना मी बघितलीयेत.

स्टीलवाली घेत असाल तर नटची रुंदी विचारा. बऱ्याच गिटारवर ती ४३ मिलिमीटर असते, फिंगरस्टाइल डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्यांवर ४४.५ च्या आसपास. दीड मिलिमीटर ऐकायला काहीच वाटत नाही पण बोटं जाड असतील तर शेजारची तार चुकून दाबली जाण्यात यानेच फरक पडतो. बॉडीचं म्हणाल तर मोठी ड्रेडनॉट स्ट्रमिंगला दणदणीत लागते आणि जरा लहान कमरेची ऑडिटोरियम किंवा ओएम टाइपची बॉडी बोटांनी वाजवल्यावर जास्त मोकळी आणि समतोल वाटते. घरात ड्रेडनॉट आधीच असेल तर तीच वापरा, त्यासाठी नवीन घेऊ नका.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ॲक्शन, म्हणजे तार आणि फ्रेटमधलं (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर. बाराव्या फ्रेटवर पट्टी लावून बघा. स्टीलच्या गिटारवर सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास असेल तर ठीक. त्यापेक्षा खूप जास्त असेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून सेटअप, म्हणजे ते अंतर नीट, करून घ्या. स्वस्तातली पण नीट सेटअप केलेली गिटार ही महागड्या आणि उंच ॲक्शनच्या गिटारपेक्षा शिकायला कितीतरी बरी. खूप लोक "माझी बोटं कमजोर आहेत" म्हणून गिटार सोडतात आणि दोष असतो त्या अंतराचा.

तारांचा सेट स्टीलसाठी ०११ किंवा ०१२ ने सुरू होणारा घ्या (हा आकडा म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). ०१३ चा सध्या नको.

⚠ क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. ०१२ च्या स्टील सेटचा एकूण ताण ७० किलोच्या पुढे जातो, नायलॉनचा ४० किलोच्या आसपास असतो. क्लासिकल गिटार त्या ताणासाठी बनवलेलीच नसते, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे अडकवतात ती पट्टी) उखडून हातात येऊ शकतो.

२. तारांचे नंबर आणि ट्यूनिंग

सगळ्यात बारीक तार म्हणजे १ नंबर, सगळ्यात जाड म्हणजे ६ नंबर. हे पाठच करा कारण पुढे सगळीकडे नंबरच येणारेत. गोंधळ कुठे होतो तर "वरची तार" म्हटलं की. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर असते, छताच्या बाजूला, पण सूर सगळ्यात खालचा तिचा, आणि टॅबमध्ये (सहा रेघांवर आकडे लिहून वाजवणं दाखवायची पद्धत, पुढे येईल) ती सगळ्यात खालच्या रेघेवर. त्यामुळे वर-खाली हे शब्दच सोडून द्या, नंबर बोला.

६ ते १ असं ट्यूनिंग म्हणजे ई, ए, डी, जी, बी, ई. ट्यूनरवर ए ची सेटिंग ४४० हर्ट्झ आहे ना ते बघून घ्या, कधीकधी चुकून बदललेली असते आणि मग तुम्ही एकटे सुरात पण दुसऱ्या कशाबरोबरच जुळत नाही असं होतं. ट्यून करताना तार नेहमी खालून वर आणा. सूर पुढे गेला तर पूर्ण खाली सोडा आणि पुन्हा वर घ्या, म्हणजे टिकतो.

ट्यूनर नसेल त्या दिवसासाठी जुनी पद्धत: सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली की मोकळ्या पाचव्या तारेचा सूर, पाचवीच्या पाचव्यावर चौथी, चौथीच्या पाचव्यावर तिसरी, मग तिसरीच्या चौथ्या फ्रेटवर दुसरी, आणि दुसरीच्या पाचव्यावर पहिली. ती एक चौथ्याची भानगड लक्षात ठेवायची.

३. बसणं आणि उजवा हात

(डावखुरे असाल आणि उलट्या गिटारवर वाजवत असाल तर हात अदलाबदल करून वाचा. आणि हो, एलिझाबेथ कॉटन नावाच्या अमेरिकन वादक बाई डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता तशीच उलटी धरून वाजवायच्या, म्हणजे बेस बोटांनी आणि चाल अंगठ्याने. त्यांच्या त्या पद्धतीला पुढे त्यांचंच नाव मिळालं. तेव्हा नियमांचं फार टेन्शन घेऊ नका.)

खुर्ची हात नसलेली घ्या. गिटार उजव्या मांडीवर किंवा डाव्या पायाखाली स्टूल घेऊन डाव्या मांडीवर, दोन्ही चालतं. मला दुसरं बरं वाटतं कारण नेक आपोआप वर येतो आणि डावं मनगट मुडपत नाही. गिटार हाताने धरून ठेवावी लागता कामा नये, दोन्ही हात सोडले तरी ती जागेवर राहिली पाहिजे. फ्रेटबोर्ड दिसावा म्हणून गिटार स्वतःकडे कलती करायची सवय सगळ्यांना लागते, ती मोडा, मान आणि मनगट दोन्ही दुखतात.

उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग गिटारच्या कडेवर टेकवा, मनगट जवळपास सरळ, हात साउंडहोलच्या (बॉडीवरच्या गोल भोकाच्या) वर किंवा जरासा ब्रिजच्या बाजूला. अंगठा बोटांच्या पुढे म्हणजे नेकच्या बाजूला हवा, बोटांच्या मागे किंवा मुठीच्या आत नको. नाहीतर अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटत राहतात. तार छेडताना बोट मुळापासून हलवा आणि तळव्याच्या दिशेने आत घ्या. तार बाहेर, गिटारपासून लांब ओढली तर ती परत येऊन फ्रेटवर फटकन आपटते आणि तो कडकड आवाज येतो. तो आवाज येत असेल तर गिटार खराब नाहीये, बोटाची दिशा चुकतेय.

करंगळी गिटारवर टेकवायची की नाही यावर लोक तासनतास भांडतात. क्लासिकलवाले नको म्हणतात, कंट्री आणि ब्लूजवाले कित्येक जण बिनधास्त टेकवतात. माझ्या मते सुरुवातीला न टेकवता शिका, हात मोकळा राहतो आणि अनामिका चांगली चालते, पुढे ट्रॅव्हिस स्टाइलला (आठव्या पायरीत येईल) हाताला आधार हवासा वाटला तर टेकवा.

४. नखं

याचा निर्णय लवकर घ्या कारण नखांनी आणि कातडीने वाजवताना हाताचा कोन वेगळा लागतो. डाव्या हाताची नखं अगदी बारीक कापलेली, यावर काही चर्चा नाही. उजव्या हाताची तीन प्रकारे जमतात: नुसती कातडी (गोल, मऊ, जरा दबका आवाज), थोडी वाढवलेली नखं (स्पष्ट, मोठा आवाज), किंवा दोन्ही मिळून. मी तिसरं सुचवेन. नख बोटाच्या टोकाच्या एक ते दोन मिलिमीटर पुढे, म्हणजे तार आधी कातडीला लागते आणि निसटताना नखावरून जाते. आकार बोटाच्या टोकासारखा गोलसर ठेवा आणि कडा अगदी गुळगुळीत, कारण जराशी खरबरीत कड असली तरी आवाज खसखसतो. नेलकटरने कापू नका, फाइलरने घासा. स्टीलच्या तारा नखं खातात, तुटली की चिडचिड होते, पण नखं महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतात, येतात परत. कामामुळे नखं ठेवता येत नसतील तर कातडीने वाजवा, जगात उत्तमोत्तम लोक तसे वाजवतात.

५. डावा हात: कमीत कमी कॉर्ड

सी, जी, डी, ए मायनर, ई मायनर आणि छोटा एफ (फक्त चार तारांचा, पूर्ण बार म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबणं नाही). इतकेच. कॉर्ड बदलताना थांबायला लागतंय तोवर पुढचा कॉर्ड शिकू नका. प्रत्येक कॉर्ड लावून एकेक तार वेगळी वाजवून बघा, स्ट्रमिंगमध्ये एखादी मुकी तार लपून जाते, फिंगरस्टाइलमध्ये ती बरोब्बर पकडली जाते. बोट फ्रेटच्या अगदी लगत ठेवा, मग कमी जोरात दाबून भागतं.

६. पी, आय, एम, ए

ही उजव्या हाताच्या बोटांची नावं आहेत, स्पॅनिशमधून आलेली, टॅबवर आणि पुस्तकांत हीच असतात. पी म्हणजे अंगठा, आय तर्जनी, एम मधलं बोट, ए अनामिका. पहिली वाटणी अशी: अंगठ्याकडे ६, ५, ४ या तारा, तर्जनीकडे ३, मधल्याकडे २, अनामिकेकडे १.

सी कॉर्ड लावा आणि हे वाजवा, पी आय एम ए एम आय:

१ |------------०-----------|
२ |--------१-------१-------|
३ |----०---------------०---|
४ |------------------------|
५ |३-----------------------|
६ |------------------------|

टॅब वाचायला एवढंच पुरेसं आहे बघा. रेघ म्हणजे तार, सगळ्यात वरची रेघ १ नंबरची, आकडा म्हणजे कितवा फ्रेट, शून्य म्हणजे मोकळी तार, डावीकडून उजवीकडे वाचायचं, आणि दोन आकडे एकाखाली एक आले तर ते एकदम वाजवायचे. टॅबमध्ये वेळ नीट कळत नाही, त्यामुळे ते गाणं किंवा धून कानाने ऐकल्याशिवाय नुसत्या टॅबवरून शिकायला जाऊ नका.

मेट्रोनोम ६० ला लावा आणि एका टिकला एकच सूर. कंटाळवाणं वाटेल. पण इथे बघायचं हे की चारही बोटांचे सूर सारख्या आवाजात येतायत का, अनामिका सगळ्यांचीच मागे पडते, तिचा आवाज बारीक येतो. सारखे यायला लागले की एका टिकला तीन सूर. मग जी, ए मायनर, ई मायनर वर तेच, फक्त अंगठ्याची तार बदलते: सी आणि ए मायनरला ५, जी आणि ई मायनरला ६, डी आणि छोट्या एफला ४.

हा प्रकार किती खोल जाऊ शकतो ते बघायचं असेल तर माउरो जुलियानी या इटालियन वादकाचे उजव्या हाताचे १२० व्यायाम शोधा. १८१२ मध्ये छापलेले, आणि जवळपास सगळे फक्त सी आणि जी सेव्हन या दोन कॉर्डवर आहेत, म्हणजे डावा हात आरामात आणि सगळं लक्ष उजव्याकडे. त्यातले पहिले दहाबारा केले तरी खूप झालं, एकशेवीसच्या मागे लागू नका.

७. अंगठा

आता खरं काम. अर्पेजिओमध्ये अंगठा एकदा वाजतो आणि बाकीच्यांची वाट बघतो, ते सोपं आहे. ज्या वाजवण्यात "अरे दोन गिटार आहेत की काय" असं वाटतं तिथे अंगठा न थांबता प्रत्येक बीटला चालू असतो आणि बोटं त्याच्यावर चाल वाजवतात. अंगठा हा तुमचा तबलजी समजा, तो ठेका सोडत नाही म्हणून बाकीच्यांना मोकळं फिरता येतं.

पहिला व्यायाम, बोटं पूर्ण बंद, फक्त अंगठा. एका मापात चार बीट, दोन तारांमध्ये आळीपाळीने:

- सी: ५-४-५-४
- ए मायनर: ५-४-५-४
- जी: ६-४-६-४
- ई मायनर: ६-४-६-४
- डी: ४-३-४-३
- छोटा एफ: ४-३-४-३

मेट्रोनोम ७० च्या आसपास. सी वर चार मापं, मग ए मायनर, मग एफ, मग जी, आणि पुन्हा पहिल्यापासून, कॉर्ड बदलताना अंगठा थांबता कामा नये. डावा हात पोचला नाही, एखादी तार मुकी वाजली, चालेल, पण ठेका चालू. हे दिसायला इतकं सोपं आहे की सगळे दोन दिवसांत सोडून पुढे जातात, आणि मग पुढच्या पायरीला अंगठा बोटांच्या मागे फरफटत जायला लागतो, म्हणजे बोट वाजलं की अंगठाही त्याच क्षणी उडी मारतो. तो स्वतंत्र झालाच नव्हता.

झालाय की नाही हे कसं ओळखायचं? माझी चाचणी अशी आहे: अंगठा चालू ठेवून कोणाशी तरी बोला. सकाळपासून काय काय केलं ते सांगा. बोलताना ठेका अडखळला तर अजून तयार नाही, परत या पायरीवर. टीव्ही बघत बघत अंगठा चालवणं हा खरं तर उत्तम रियाज आहे, मी एरवी टीव्हीसमोर वाजवू नका असंच म्हणतो पण हा एक अपवाद.

दुसरी गोष्ट दबका बेस. उजव्या हाताच्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजपाशी जाड तारांवर हलकेच टेकवा, बेस "टुम टुम" असा आटोपशीर येतो आणि वरच्या चालीला जागा मिळते. हात जरा पुढे सरकला की तार पूर्णच मुकी होते आणि मागे गेला की दबतच नाही, ती बरोबर जागा दोनचार मिलिमीटरची आहे, शोधावी लागते.

८. पिंच, आणि मग ट्रॅव्हिस पॅटर्न

अंगठा स्वतःचा स्वतः चालायला लागला की वाटणी जरा बदला: तर्जनी २ नंबरच्या तारेवर, मधलं बोट १ नंबरवर, अनामिकेला सुट्टी. आधी शिकलेल्या वाटणीपेक्षा हे वेगळं आहे आणि इथे बरेच जण गडबडतात, "मग तर्जनी नक्की कुठल्या तारेची?" तर कुठल्याच तारेची कायमची नाही, पॅटर्ननुसार सरकते. डी वर अंगठा तिसऱ्या तारेपर्यंत येतो तेव्हा या नव्या वाटणीचा फायदा कळतो.

असं चढत जा, सी कॉर्डवर, प्रत्येक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढचा नाही:

अ) अंगठा चालू. फक्त पहिल्या बीटला मधल्या बोटाने १ नंबरची तार, अंगठ्याच्या बरोबर एकदम. याला पिंच म्हणतात. दोन्ही सूर एकाच क्षणी यायला हवेत, आधी-नंतर नाही.

आ) पिंच काढून टाका. आता दुसऱ्या बीटनंतरच्या "आणि" वर तर्जनी, २ नंबरची तार. मोजायचं "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि", तोंडाने, मोठ्याने. अंगठा आकड्यांवर, तर्जनी त्या एका "आणि" वर.

इ) तिसऱ्या बीटनंतरच्या "आणि" वर मधलं बोट, १ नंबर.

ई) सगळं एकत्र:

एक: अंगठा ५ आणि मधलं बोट १, एकदम
दोन: अंगठा ४
आणि: तर्जनी २
तीन: अंगठा ५
आणि: मधलं बोट १
चार: अंगठा ४

मेट्रोनोम ५० वर. हो, ५०. इथे स्पीड वाढवायची घाई केली की बोटं चुकीचा क्रम पाठ करतात आणि पाठ झालेली चूक सोडवणं हे नवीन शिकण्यापेक्षा जास्त जिकिरीचं. सलग दोन मिनिटं न अडखळता झालं की चार-पाच बीपीएम (मिनिटाला बीट) वाढवा. एक दिवस अचानक असं होतं की तुम्ही वाजवताय हेच विसरता आणि ते वाजत राहतं, तिथपर्यंत या पायरीला काही आठवडे द्यायची तयारी ठेवा.

या पॅटर्नचं नाव अमेरिकेतल्या केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकावरून पडलंय. गंमत म्हणजे तो स्वतः बहुतेक वेळा अंगठा आणि एकटी तर्जनी एवढ्यावरच वाजवायचा. चेट ॲटकिन्स या दुसऱ्या अमेरिकन गिटारवादकाने त्याला आधी रेडिओवर ऐकलं, हात दिसत नव्हते, एवढे सूर म्हणजे नक्की जास्त बोटं असणार असं समजून त्याने अंगठा आणि दोन-तीन बोटं वापरून आपली वेगळी पद्धत बसवली. त्यामुळे तुमचा व्हिडिओवाला एम वापरतो आणि टॅबमध्ये आय लिहिलंय यावरून घाबरून जायचं कारण नाही, ठेका शाबूत आहे ना ते बघा.

९. पहिली धून स्वतः बसवा

इथे बहुतेक लोक एखादी अवघड प्रसिद्ध अरेंजमेंट उचलतात आणि पहिल्या चार मापांत महिना घालवतात. त्यापेक्षा अगदी सोपी, लहानपणापासून तोंडात असलेली कुठलीही धून घ्या आणि ती सी मध्ये स्वतः बसवा. सूर कुठे सापडतात ते बघा, सी ला सा धरून:

- प: ३ नंबरची तार मोकळी
- ध: ३ नंबर, दुसरा फ्रेट
- नी: २ नंबर मोकळी
- सा: २ नंबर, पहिला फ्रेट
- रे: २ नंबर, तिसरा फ्रेट
- ग: १ नंबर मोकळी
- म: १ नंबर, पहिला फ्रेट
- प: १ नंबर, तिसरा फ्रेट

आधी नुसती धून वाजवा. मग कुठल्या मापाला कुठला कॉर्ड बसतो ते कानाने ठरवा, साध्या धुनेला सी, एफ आणि जी एवढे तीन बहुतेक वेळा पुरतात. मग कॉर्ड धरून, प्रत्येक मापाच्या पहिल्या बीटला अंगठ्याचा एकच बेस सूर आणि वर धून. हे जमलं की बेस दोन बीटला, आणि शेवटी चारही बीटला आळीपाळीने. कॉर्डमधलं एखादं बोट धुनेसाठी उचलावं लागेल, उचला, अख्खा कॉर्ड कायम धरून ठेवायची सक्ती नाहीये, बेसचं बोट मात्र शक्यतो जागेवर.

आणि धुनेचे सूर बेसपेक्षा मोठे वाजले पाहिजेत. नवशिक्यांच्या वाजवण्यात अंगठा जड असतो आणि धून त्याखाली दबते, स्वतःला ते कळत नाही कारण डोक्यात धून चालूच असते. फोनवर रेकॉर्ड करा आणि एक दिवस जाऊ देऊन ऐका, लगेच समजेल.

१०. रोजचा रियाज

रोज वीस-पंचवीस मिनिटं, रविवारी एकदम तीन तास नाही. पाच मिनिटं ट्यूनिंग आणि नुसता अंगठा, पाच मिनिटं अर्पेजिओ, दहा मिनिटं ज्या टप्प्यावर अडकलात तोच टप्पा, आणि उरलेला वेळ मनाला येईल ते वाजवा, तोही भाग गाळू नका. चुकलं की पहिल्यापासून सुरू करायची सवय वाईट, त्याने सुरुवात छान होते आणि शेवट कायम कच्चा राहतो. जिथे चुकतं तेवढी दोनच मापं वेगळी काढून घासा.

बोटांची टोकं दुखणं नॉर्मल आहे, काही आठवड्यांत कातडी घट्ट होते. मनगट, कोपर किंवा खांदा दुखणं नॉर्मल नाही, तेव्हा थांबा, आणि मुंग्या येत असतील किंवा दुखणं चार दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरला दाखवा, "वाजवत राहिलं की जातं" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

११. सध्या हात लावू नका अशा गोष्टी

डॅडगॅड आणि इतर वेगळी ट्यूनिंग (डी-ए-डी-जी-ए-डी ही छान वाजते, इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने १९६० च्या दशकात लोकांपुढे आणली, पण आधी साधं ट्यूनिंग हातात बसू दे, नाहीतर शिकलेले कॉर्ड सगळे निकामी). गिटारच्या बॉडीवर थापा. एका हाताने हार्मोनिक्स (तार न दाबता नुसती स्पर्शून काढायचे घंटीसारखे सूर). अंगठ्यात घालायचा थंबपिक, हा वर्षभराने ट्राय करायला हरकत नाही, ट्रॅव्हिस स्टाइलला मस्त लागतो पण सवय व्हायला वेळ खातो.

१२. तारा बदलणं

जाड तारा काळपट दिसायला लागल्या, आवाज मेला, किंवा ट्यून केलेली गिटार वरच्या फ्रेटवर बेसूर लागायला लागली की बदला. घाम जास्त येत असेल तर लवकर. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसल्या तर जास्त टिकतात. नवीन तार खुंटीला दोन-तीन वेढे बसतील एवढीच ढील ठेवून लावा, मग हाताने हलकेच ओढून ताण द्या आणि पुन्हा ट्यून करा, असं तीनचारदा, नाहीतर पहिले दोन दिवस दर पाच मिनिटांनी उतरत राहते. पिळताना तोंड गिटारपासून लांब ठेवा, पहिली तार तुटली तर सरळ डोळ्याकडे येते. कापलेली टोकं लगेच गोळा करून टाका, जमिनीवर दिसत नाहीत आणि पायात घुसतात.